वाचकांचे प्रश्न : हरणे, रान आणि रांधप

अमेरिकेतील शिकारीचा हंगाम जवळ आला की या सदराकडे हरणांविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतील प्रश्न पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहेत. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत.

नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये आम्ही दोन वर्षांपूर्वी चाळीस एकर जंगलजमीन घेतली. शेजाऱ्यांच्या शेतात संध्याकाळी दहा-पंधरा हरणे दिसतात, आमच्या रानात मात्र क्वचित एखादे. हिवाळ्यात मक्याची पोती आणून टाकावीत आणि वसंतात मधोमध क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक पेरावे, असा विचार आहे. सुरुवात कशी करावी?

मक्याची पोती आणू नका, हे सर्वांत आधी सांगतो. हरीण हे रवंथ करणारे जनावर आहे आणि त्याच्या पोटातील जंतू ऋतूप्रमाणे बदलत असतात. जानेवारीत ते काटक्या, कळ्या आणि सालींवर जगत असते. अशा वेळी त्याच्यापुढे एकदम मक्याचा ढीग पडला, तर पिठूळ धान्य आंबून पोटात आम्ल साचते आणि भरल्या पोटाने जनावर मरते. शिवाय तुमचा भाग क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना झिजवत नेणाऱ्या रोगाचा जुना पट्टा आहे. हा रोग राज्यात २००२ साली प्रथम आढळला. तो लाळेतून आणि मुतातून पसरत असल्यामुळे, दहा तोंडे एका ढिगात घालणे म्हणजे त्याला आवतण देणे होय. जेथे रोग सापडला आहे अशा काउंटींत हरणांना खाऊ घालण्यावर राज्याची बंदीही असते.

क्लोव्हरविषयीचा आपला विचार चूक नाही, पण तो तिसऱ्या वर्षाचा आहे. पहिल्या वर्षी रान वाचायला शिकावे. बर्फ वितळल्यावर, पालवी फुटण्याआधी, एखाद्या सकाळी रानात जा आणि गुडघ्याइतक्या उंचीच्या रोपट्यांचे शेंडे हातात धरून पाहा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी कापत नाही, ओढून तोडते, आणि तुटलेले टोक चिंध्यांसारखे फाटके राहते. सशाने खाल्लेली डहाळी मात्र सुरीने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ दिसते. बहुतेक शेंडे चिंधाळलेले असतील आणि साधारण दीड मीटर उंचीपर्यंत सगळी पाने-डहाळ्या ओरबाडल्यासारख्या नाहीशा झाल्या असतील, तर आपल्याकडे हरणे कमी येत नाहीत. ती रात्री येतात, होते तेवढे खातात आणि दिवसा दुसरीकडे बसतात. शेंडे शाबूत असतील, तर रानात त्यांना बसण्याजोगा आडोसा नाही असे समजावे.

पत्रासोबतच्या छायाचित्रांवरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. झाडे उंच आणि एका वयाची आहेत, वर पानांचे छत मिटलेले आहे आणि खाली केवळ पाचोळा आहे. असे रान माणसाला देखणे वाटते, हरणाला मात्र ते रिकाम्या सभागृहासारखे असते. त्याला तोंडाच्या उंचीवर पाला लागतो आणि अंग लपवणारा झाडोरा लागतो. दोन्ही गोष्टी प्रकाशातून येतात, म्हणून पहिले अवजार नांगर नसून करवत आहे. निकामी आणि वेड्यावाकड्या झाडांवर खुणा करून अर्धा-एक एकराचे दोन-तीन तुकडे उघडे करा. पुढच्या दोनच उन्हाळ्यांत खुंटांतून धुमारे फुटतात आणि काटेरी झुडपे दाटतात. बारीक खोडे कमरेच्या उंचीवर अर्धवट कापून आडवी पाडण्याची पद्धतही आहे. सालीचा दुवा शाबूत राहिल्याने झाड काही वर्षे जिवंत राहते आणि त्याचा पाला हरणाच्या तोंडाशी येतो. मात्र ताणलेले खोड उभे चिरफाळून कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते. हे काम शिकून घेतल्याशिवाय आणि एकट्याने करू नये.

पांढरे ओक सोडून द्या, किंबहुना त्यांच्याभोवतीची गर्दी कमी करा. त्यांची फळे एका वर्षात पिकतात आणि त्यांत तुरटपणा कमी असतो. लाल ओकची फळे दोन वर्षे घेतात आणि अधिक तुरट असतात, त्यामुळे हरणे आधी पांढऱ्या ओकखाली जमतात. एप्रिलपासून जुलैपर्यंत कोणत्याही ओकला करवत किंवा कुऱ्हाड लावू नका, कारण ताज्या जखमेतून ओक विल्ट हा बुरशीचा रोग शिरतो. हनीसकल आणि बकथॉर्न ही परकी झुडपे दिसली, तर मात्र दयामाया नको. ती सर्वांआधी पालवतात, सर्वांत शेवटी गळतात आणि खालच्या रोपांचा सगळा प्रकाश खातात. ती कापून खुंटावर लगेच तणनाशक लावावे, नाहीतर दुप्पट जोमाने फुटतात.

क्लोव्हर पेरण्यापूर्वी मातीची तपासणी करून घ्या. जंगलाखालची माती बहुधा आम्लधर्मी असते आणि चुना न घालता पेरलेले बी म्हणजे पाखरांची मेजवानी. अर्धा एकर पुरे. तो तुकडा मधोमध नको, कडेला असावा, म्हणजे तेथे जाता-येता आपण सगळे रान उठवणार नाही. रानाचा दहा-पंधरा एकरांचा एक कोपरा असाही राखावा की जेथे आपण वर्षभर पाऊल टाकणार नाही. माझ्या मते हा न केलेला खर्च सगळ्या पेरणीहून अधिक फळतो.

आणखी एक हिशेब मनात असू द्यावा. एका हरणाचा वावर अनेकदा एक चौरस मैलाच्या आसपास, म्हणजे सुमारे ६४० एकरांचा असतो. आपली चाळीस एकर जमीन त्याचा सोळावा हिस्सा झाली. आपण हरणे पाळत नाही, त्यांच्या वाटेवर एक खोली नीट लावून ठेवतो. शेजाऱ्यांशी बोलणे हा म्हणूनच जमीन सांभाळण्याचाच भाग आहे.

मी एच-१बी व्हिसावर ओहायोत नोकरी करतो. सहकारी शिकारीला चलण्याचा आग्रह करतात. मला बंदूक बाळगता येते का?

संघीय कायद्यानुसार आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीस बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला असलेल्या अपवादांपैकी आपल्या उपयोगाचा म्हणजे, अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना जवळ असणे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही.

लोक चुकतात ते मुदतीबाबत. परवाना संपला की अपवादही संपतो, आणि कपाटात कुलूपबंद ठेवलेली बंदूकसुद्धा ‘बाळगणे’ या शब्दात येते. सहकाऱ्याची बंदूक थोडा वेळ हातात घेणेही त्यातच मोडते. व्हिसावर असताना असा गुन्हा नोंदला जाणे किती महागात पडेल, हे सांगायला नको. राज्यांचे नियम वेगळे असतात ते आणखी निराळे. त्यामुळे आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करा, मग परवाना घ्या, आणि बंदूक घेण्यापूर्वी स्थलांतराचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा. मी आपल्या जागी असतो तर पहिला हंगाम धनुष्यबाणाने केला असता. संघीय कायदा त्याला बंदूक मानत नाही, आणि वीस पावलांवर हरीण येईपर्यंत निश्चल बसायला शिकलेला माणूस पुढे बंदूक हाती आल्यावरही उतावीळ होत नाही.

आमच्या शेतात मार्चमध्ये हरणाचे एकच शिंग पडलेले सापडले. कोणी जनावराला जखमी केले असेल का?

नाही. आपण मराठीत एकाच ‘शिंग’ शब्दात दोन निराळ्या वस्तू कोंबतो, त्यातून हा गोंधळ होतो. काळविटाचे शिंग म्हणजे हाडावर चढलेले कायमचे आवरण असते आणि ते कधी गळत नाही. सांबर, चितळ किंवा हे अमेरिकी हरीण यांची शिंगे मात्र निखळ हाडाची असतात आणि दरवर्षी नवी येतात. माजाचा काळ सरला की नराच्या अंगातील संप्रेरक उतरते, शिंगाच्या बुडाशी हाड विरघळू लागते आणि बहुधा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान शिंग गळून पडते. दोन्ही एकाच दिवशी पडतील असे नाही. आपल्या शिंगाचे बूड खरबरीत आणि किंचित फुगीर असेल, तर ते आपोआप गळलेले आहे. जोडीचे दुसरे शिंग शोधायचे तर लवकर शोधा, कारण उंदीर आणि खारी चुन्यासाठी ती कुरतडून संपवतात.

भारतात हरणाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाली आणि त्या संस्कारात आम्ही वाढलो. येथे पेनसिल्व्हेनियात जावई शिकार करतात, तेही माद्यांची. पोटात पाडस असू शकणाऱ्या मादीला मारणे मला कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आपले वाटणे खोटे नाही आणि ते सोडून द्या असे मी म्हणणार नाही. भारतातील बंदी योग्यच आहे. तेथे हरणांवर जगणारे वाघ, बिबटे आणि रानकुत्रे अजून आहेत आणि रानेच आक्रसत चालली आहेत. पेनसिल्व्हेनियातून मात्र लांडगा आणि पुमा दोघेही एकोणिसाव्या शतकातच संपवले गेले. ते खाते माणसाने बंद केले आहे, त्यामुळे त्यातला व्यवहार आता माणसालाच करावा लागतो.

एके काळी येथेही हरीण संपत आले होते. बाजारात मांस विकण्यासाठी बेसुमार शिकार होई, आणि १९०० च्या सुमारास संपूर्ण देशात पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आत उरली होती, असा अंदाज आहे. मग कायदे कडक झाले. पेनसिल्व्हेनियाने १९०७ साली माद्या मारण्यास मनाई केली. १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला आणि तो आजही तेथेच जातो. उपाय इतके लागू पडले की आज हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात मानली जाते. फक्त मादी मारणे पाप आहे हा विचार, त्याचे कारण सरल्यावरही, दोन-तीन पिढ्या शिकाऱ्यांच्या मनात घर करून राहिला.

त्याची किंमत रानाने दिली. आपल्या राज्यातील ॲलेगेनीच्या जंगलात काही ठिकाणी जमीनभर नेच्यांचा हिरवागार गालिचा दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, काय सुंदर! हरणे नेचा खात नाहीत, म्हणून तो उरला. ओक आणि मेपलची रोपे, रानफुले आणि झुडपे ती खातात, म्हणून ती गेली. झुडपांत घरटी करणारे पक्षी त्यांच्याबरोबर गेले. म्हातारी झाडे पडतील तेव्हा त्यांची जागा घेणारे तरुण झाड तेथे नाही. कुंपण घातलेल्या छोट्या तुकड्यात काही वर्षांत दाट रान उगवते आणि कुंपणाबाहेर नेच्याशिवाय काही नसते. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही.

आता मादीच का, हा प्रश्न. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांची संख्या फारशी घटत नाही. मादीला चांगले खाद्य मिळाले तर तिला बहुधा जुळी होतात. म्हणून कळपाची संख्या मादीच्या बाजूनेच आवरता येते. राज्याने २००२ पासून लहान शिंगांचे नर मारण्यावर निर्बंध घातले, त्यामागेही तरुण नर वाढावेत हा हेतू होता. भिंतीवर टांगण्याजोग्या शिंगांसाठी नर शोधत फिरणाऱ्यापेक्षा, परवान्यावरील मादी मारून तिचे मांस वर्षभर घरी खाणारे आपले जावई रानाच्या अधिक उपयोगी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पोटातील जिवाबद्दल सांगायचे तर येथील मुख्य माज नोव्हेंबरात असतो आणि पाडसे मे अखेरीस ते जूनमध्ये जन्मतात. हंगामात गर्भ अगदी आरंभीचा असतो किंवा अजून राहिलेलाच नसतो. एवढ्याने आपले मन मानावे असा आग्रह नाही.

मिनेसोटातील शेजाऱ्यांनी हरणाच्या खिम्याची चार पाकिटे भेट दिली. घरात पाच वर्षांचे मूल आहे. खावे का?

आभार माना आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, हरणाची झिजेच्या रोगासाठी चाचणी झाली होती का. हा रोग १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला. तो माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही रोगी ठरलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, असेच आरोग्य खाते सांगते. तो जंतूमुळे होत नाही, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते प्रथिन शिजवून किंवा गोठवून मरत नाही. चाचणी घशाजवळच्या लसिका ग्रंथींची होते, म्हणजे पाकिटातील खिम्यावरून काही कळणार नाही.

दुसरी, गोळी शिशाची होती की तांब्याची. वेगवान शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे न दिसणारे कण जखमेपासून हातभर अंतरापर्यंत पसरतात. मांस धुतल्याने ते जात नाहीत, उलट आणखी पसरतात. मिनेसोटाच्या राज्य यंत्रणेने २००८ साली ही तपासणी केली होती. सबंध तुकड्यांपेक्षा खिम्यात शिसे अधिक वेळा सापडते, कारण जखमेजवळच्या लहानसहान तुकड्यांचाच खिमा होतो. तिसरी गोष्ट, मांस घरी कापले की खाटकाकडे दिले. खाटीक पुष्कळदा अनेकांचे मांस एकत्र दळतात, आणि मग पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका हरणापुरती उरत नाहीत.

चाचणी झालेली, तांब्याची गोळी, घरी केलेला खिमा, अशी उत्तरे आली तर निश्चिंतपणे खा, फक्त आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. गोळी शिशाची असेल तर मुलाला आणि घरात कोणी गर्भवती असेल तर तिला देऊ नका. चाचणीच झाली नसेल, तर मी स्वतः खाणार नाही.

यजमानांनी मिशिगनमधून अर्धे हरीण आणले. बोकडाच्या मटणासारखे कुकरला पाच शिट्ट्या देऊन रस्सा केला. काही तुकडे सुतळीसारखे झाले, काही चिवट राहिले, उग्र वास आला आणि ओठांवर मेणासारखा थर बसला. आता बाकीच्या मांसाचे काय करावे?

आपल्या हातात दोष नाही. एकाच कुकरमध्ये दोन स्वभावांचे मांस गेले, एवढेच झाले. बोकडाच्या मांसात चरबी विखुरलेली असते आणि ती चुका झाकते. हरणाच्या मांसात ती जवळजवळ नसतेच.

मेणाचा थर आधी पाहू. हरणाची चरबी बोकडाच्या चरबीहूनही लवकर थिजते, त्यामुळे रस्सा किंचित निवला की ती ओठांना आणि टाळूला चिकटते. वासही बराचसा तिच्यातच असतो. म्हणून मांस शिजवण्यापूर्वी दिसेल ती पांढरी चरबी काढून टाका, अगदी कंजूषपणा न करता. त्यानंतर तुकड्यांवर चांदीच्या वर्खासारखा चकाकणारा एक पातळ पापुद्रा दिसेल. तो कितीही शिजला तरी भाजलेल्या तुकड्यात चिवटच राहतो. सुरीचे टोक त्याच्याखाली सरकवा, एक कड बोटांत घट्ट धरा आणि पाते किंचित वरच्या बाजूला तिरपे ठेवून पुढे ओढत न्या. पट्टी सलग निघते आणि खाली गडद लाल, स्वच्छ मांस उरते. स्वयंपाकात चरबी हवीच असेल तर तेल किंवा तूप आपल्या हाताने घाला.

आता मांसाचे दोन ढीग करा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या लांब पट्ट्या आणि पोटाच्या बाजूला कण्याखाली असणाऱ्या दोन लहान पट्ट्या हा पहिला ढीग. या स्नायूंना जनावर फारसे राबवत नाही, त्यामुळे त्या मुळातच मऊ असतात, आणि आपल्या सुतळ्या बहुधा याच होत्या. त्यांना कुकर दाखवूच नये. बोटभर जाडीच्या चकत्या कापून, कोरड्या पुसून, मीठ लावून, कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर थोड्या तेलात प्रत्येक बाजू दोन मिनिटे परतावी आणि उतरवून तीन-चार मिनिटे तशीच ठेवावी. आतून ६३ अंश झाले की पुरे. मध्यभाग गुलाबी दिसला तर घाबरून पुन्हा तव्यावर टाकू नका, तेथेच ती बिघडते.

नळ्या, खांदा आणि मान हा दुसरा ढीग. हे स्नायू दिवसभर राबतात आणि त्यांत चिवट धागे पुष्कळ असतात. ते धागे विरघळायला वेळ लागतो, नुसती आच पुरत नाही. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून पस्तीस-चाळीस मिनिटे ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. रस्सा याच तुकड्यांचा करावा, तो दाट आणि चिकट होतो. मांडीचे मांस दोन्हींच्या मधले असते. त्याचा खिमा करावा, हे माझे मत. दही लावून रात्रभर मुरवण्यास हरकत नाही, पण कच्ची पपई अर्ध्या तासापलीकडे ठेवली तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आत काहीच पोचत नाही.

राहिला उग्र वास. चरबी काढूनही तो आला तर दोष स्वयंपाकघरातला नाही, रानातला आहे. मी माझे पहिले हरीण संध्याकाळी उशिरा मारले, अंधारात माग लागला नाही आणि सकाळी ते सापडले तेव्हा पोट तसेच होते. रात्र थंड नव्हती. वरून मांस ठीक दिसत होते, पण मांडी कापली तेव्हा हाडाजवळ हिरवट रंग होता आणि असा वास, की पत्नीने खिडक्या उघडल्या. सगळी मांडी टाकून द्यावी लागली. तेव्हा यजमानांना विचारा की आतडी किती वेळात काढली, मांस किती लवकर थंड झाले, आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूच्या केसाळ ग्रंथींना लागलेली सुरी न धुता मांसाला लावली होती का. त्यांनी मांस दोन-चार अंशांवर काही दिवस टांगून मग कापले असेल तर उत्तम, कारण ताठरलेले मांस लगेच कापून गोठवले की कायमचे चिवट राहते. उरलेल्या पाकिटांपैकी एक रात्रभर शीतकपाटात वितळू द्या आणि कापण्यापूर्वी हाडालगतचा भाग हुंगून पाहा. तेथे आंबूस वास आला, तर मसाल्याने झाकण्याचा प्रयत्न न करता ते टाकून द्या.